विश्लेषण : घरच्या घरी बंदुकीच्या गोळ्या ओतण्याचा अमेरिकी छंद… धोका धुराचा की धुळीचा?

अमेरिकेत अनेक घरांच्या गॅरेजमध्ये एक छोटी ओतशाळा असते. विजेवर तापणारे भांडे, लांब दांड्याची पळी, चिमट्यासारखा उघडझाप होणारा साचा आणि जुन्या शिशाचा ढीग. सुट्टीच्या दिवशी शिसे वितळवायचे, साच्यात ओतायचे आणि स्वतःच्या बंदुकीसाठी गोळ्या तयार करायच्या, असा हा छंद. नवशिक्याला पहिली भीती वाटते ती उकळत्यासारख्या दिसणाऱ्या धातूची आणि त्यातून निघणाऱ्या धुराची. पण शिसे शरीरात जाते ते मुख्यतः वेगळ्याच वाटेने. ती वाट कोणती, हे समजले तर या छंदातले निम्मे नियम आपोआप समजतात.

गोळी आणि काडतूस यांत फरक काय?

बोलताना आपण दोन्हींना ‘गोळी’च म्हणतो. प्रत्यक्षात काडतुसाचे चार भाग असतात. पितळेची नळी, तिच्या बुडाशी ठिणगी पाडणारा प्रायमर, आत जळणारी दारू आणि तोंडाशी बसवलेली गोळी. बंदुकीच्या नळीतून बाहेर जाते ती फक्त गोळी. या छंदात घरी ओतली जाते तीही एवढीच. तिच्यात स्फोटक काही नसते, तो धातूचा एक ठोकळा असतो. वापरलेल्या पितळी नळीत नवा प्रायमर, दारू आणि गोळी भरणे हे वेगळे काम आहे आणि त्याची जोखीमही वेगळी आहे. अमेरिकेत अनेक जण दोन्ही करतात, म्हणून दोन्हींची गल्लत होते.

हा छंद आला कुठून?

मुळात तो छंद नव्हताच, ती गरज होती. अठराव्या शतकात बंदुकीच्या नळ्यांची मापे एकसारखी नसत. त्यामुळे बंदुकीसोबत तिच्याच मापाचा साचा मिळे आणि गोळ्या घरी चुलीवर ओतल्या जात. अमेरिकी स्वातंत्र्ययुद्धातला एक प्रसंग प्रसिद्ध आहे. ९ जुलै १७७६ रोजी न्यूयॉर्कमध्ये जमावाने राजा तिसरा जॉर्ज याचा शिशाचा पुतळा पाडला. त्याचे तुकडे कनेक्टिकटमधील लिचफील्ड या गावी नेण्यात आले. तिथे ऑलिव्हर वोलकॉट यांच्या घरी गावातल्या बायका-मुलांनी त्यातून ४२,०८८ गोळ्या ओतल्या. कोणी किती ओतल्या याची नोंदही ठेवली गेली.

एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी चित्र बदलले. १८८४ मध्ये फ्रान्समध्ये पॉल व्हिएल यांनी बिनधुराची दारू तयार केली. गोळीचा वेग एवढा वाढला की उघडे मऊ शिसे नळीच्या आतल्या आट्यांत घासून चिकटू लागले. म्हणून शिशावर तांब्याचे वेष्टन चढवलेली गोळी रूढ झाली आणि ती कारखान्यातच होऊ शकत होती. सैन्यातून घरगुती साचा हद्दपार झाला. नेमबाज आणि शिकारी यांच्याकडे मात्र तो टिकला. १८८४ मध्येच जॉन बार्लो यांनी न्यू हेवन येथे ‘आयडियल’ ही साचे आणि अवजारे बनवणारी कंपनी सुरू केली. १९२५ मध्ये ती ‘लायमन’ कंपनीने घेतली. या कंपन्यांच्या माहितीपुस्तिकांवर छंद करणाऱ्यांच्या पिढ्या शिकल्या.

आजही लोक गोळ्या का ओततात?

पहिले कारण पैसा. सरावात शेकड्याने गोळ्या लागतात आणि फुकट किंवा स्वस्तात मिळालेल्या शिशातून त्या बनवता येतात. हिशेब सोपा आहे. अमेरिकेत गोळीचे वजन ‘ग्रेन’मध्ये मोजतात आणि एका पौंडात ७,००० ग्रेन असतात. रिव्हॉल्व्हरची १५८ ग्रेनची गोळी धरली तर एका पौंडात ४४ गोळ्या होतात. २० पौंडांचे, म्हणजे सुमारे ९ किलोंचे भांडे भरले तर पावणेनऊशेच्या आसपास. दुसरे कारण टंचाई. २०१३ मध्ये आणि पुन्हा २०२० नंतर अमेरिकेतील दुकानांतून दारूगोळा दिसेनासा झाला, तेव्हा अनेकांनी साचे घेतले. तिसरे कारण जुन्या बंदुका. ज्यांची काडतुसे आता कोणी बनवत नाही, त्यांच्यासाठी साचा हाच उपाय असतो. स्वतःच्या वापरासाठी गोळ्या ओतायला अमेरिकेत संघीय परवाना लागत नाही, विक्रीचा धंदा करायचा तर मात्र लागतो.

शिसेच का? आणि त्यात काय मिसळतात?

शिसे जड आहे, पाण्याच्या अकरा पटींहून अधिक. ते ३२७ अंश सेल्सियसला वितळते, म्हणजे साध्या शेगडीवरही. पण शुद्ध शिसे नखाने ओरखडा उठेल इतके मऊ असते आणि साच्याच्या बारीक कोपऱ्यांत नीट उतरत नाही. म्हणून त्यात दोन धातू मिसळतात. कथील घातले की वितळलेला धातू साच्यात चांगला पसरतो आणि कडा रेखीव येतात. अँटिमनी घातले की गोळी कठीण होते. छंदात प्रसिद्ध असलेल्या एका मिश्रधातूत ९० टक्के शिसे, ५ टक्के कथील आणि ५ टक्के अँटिमनी असते. शुद्ध शिशाच्या जवळपास तिप्पट कठीण.

हेच तीन धातू मराठी वाचकाच्या ओळखीचे आहेत, वेगळ्या नावाने. छापखान्यातले खिळे याच मिश्रणाचे असत. अक्षराची बारीकशी वेलांटीही साच्यात नीट उतरावी आणि हजारो प्रतींच्या दाबाखाली झिजू नये, या दोन गरजा छापखान्याच्याही होत्या. अमेरिकेत १८८६ पासून वापरात आलेल्या लायनोटाइप यंत्राच्या धातूत साधारण ८४ टक्के शिसे, १२ टक्के अँटिमनी आणि ४ टक्के कथील असे. हे मिश्रण सुमारे २४० अंशांनाच वितळते. खिळ्यांची छपाई बंद पडली तेव्हा अमेरिकी छापखान्यांतला हा धातू मोठ्या प्रमाणात गोळ्या ओतणाऱ्यांकडे गेला.

ओतकाम चालते कसे?

ढोबळ क्रम असा. आधी भंगारातले शिसे वेगळ्या भांड्यात वितळवून त्यातली माती, लोखंडी क्लिपा, तेल काढून टाकतात आणि धातूच्या विटा पाडतात. मग त्या विटा ओतकामाच्या भांड्यात वितळवतात. तापमान साधारण ३५० ते ४०० अंशांच्या दरम्यान ठेवतात. थोडे मेण किंवा लाकडाचा भुसा टाकून ढवळले की वर आलेल्या ऑक्साइडमधले कथील परत धातूत जाते आणि मळी वेगळी होते. ती वरून काढून टाकतात.

साचा दोन ठोकळ्यांचा असतो, ॲल्युमिनियमचा, लोखंडाचा किंवा पितळेचा. वरच्या पट्टीतल्या भोकातून धातू ओतायचा, काही सेकंद थांबायचे, पट्टी सरकवून वरचा जास्तीचा धातू कापायचा आणि साचा उघडून गोळी मऊ कापडावर पाडायची. नवशिक्याच्या पहिल्या पन्नासेक गोळ्या बहुधा सुरकुतलेल्या निघतात, कारण साचा अजून थंड असतो. साचा फार तापला तर गोळीवर बर्फाच्या थरासारखी पांढुरकी छटा येते. दोन्हींच्या मधली लय सापडणे हीच या कामातली कला. शेवटी गोळी ठरलेल्या व्यासाच्या साच्यातून दाबून काढतात आणि तिच्या खाचांत मेणयुक्त वंगण भरतात किंवा तिच्यावर पावडर कोटिंग करतात.

पाण्याचा एक थेंब एवढा धोकादायक का?

पाणी तव्यावर पडले तर नाचते आणि उडून जाते. तेच पाणी वितळलेल्या शिशाच्या पृष्ठभागाखाली गेले तर त्याची क्षणात वाफ होते आणि ती पाण्याच्या सुमारे १,७०० पट जागा मागते. वर धातूचा जड थर असतो. तो फेकला जातो आणि भांडे जवळपास रिकामे होईपर्यंत शिशाचे शिंतोडे उडतात. छंद करणारे याला गमतीने ‘टिन्सल फेअरी’ आली, म्हणजे चमचमती परी येऊन गेली, असे म्हणतात. छतावर चिकटलेल्या चंदेरी थेंबांवरून हे नाव पडले. प्रत्यक्षात ती डोळे आणि चेहरा भाजणारी दुर्घटना असते.

पाणी येते ते अनपेक्षित जागांतून. उघड्यावर राहिलेल्या शिशाच्या विटेच्या भेगेतून, ओलसर पळीतून, कपाळावरच्या घामातून. म्हणून धातूची नवी वीट गरम धातूत थेट टाकायची नाही, आधी भांड्याच्या काठावर ठेवून पूर्ण कोरडी होऊ द्यायची, असा नियम आहे. नेमबाजीच्या मैदानावरून आणलेल्या भंगारात एखादे न उडालेले काडतूस सापडू शकते. ते भांड्यात गेले तर फुटते. त्यामुळे भंगार हाताने निवडावे लागते.

वितळलेल्या शिशाचा धूर विषारी असतो का?

येथे समजुतीची गाडी रूळ सोडते. शिसे ३२७ अंशांना वितळते, पण उकळते १,७४९ अंशांना. दोन्हींत फार मोठे अंतर आहे. ४०० अंशांच्या आसपास शिशाची वाफ अगदी नगण्य असते. त्या वेळी दिसणारा धूर असतो तो मेणाचा, तेलाचा, भंगारावरच्या रंगाचा. तो घशाला चांगला नाही आणि त्यासोबत बारीक कणही उडतात, म्हणून मोकळी हवा हवीच. पण भांड्यावर वाकलो तर शिशाची वाफ छातीत भरेल, हे चित्र बरोबर नाही. तापमान बरेच वाढले तर मात्र हा हिशेब बदलतो. म्हणून ओतकामाच्या भांड्यात तापमापक ठेवणे गरजेचे ठरते.

या अर्ध्या माहितीतून एक घातक निष्कर्ष निघतो. ‘वाफ होत नाही, म्हणजे धोका नाही’, असा समज करून अनेक जण हात झटकतात. नेमका धोका त्या झटकलेल्या हातांवर असतो.

मग शिसे शरीरात जाते कसे?

तोंडावाटे आणि बारीक धुळीच्या रूपात. वितळलेल्या शिशावर हवेशी संयोग होऊन सतत ऑक्साइडची साय धरते. ती काढून थंड झाली की करड्या भुकटीसारखी होते. मळीचा डबा ओतताना, भांडे खरवडताना, मैदानावरचे भंगार चाळताना हीच भुकटी उडते. ती नखांत, बाह्यांवर, बुटांच्या तळव्याला, गाडीच्या सीटवर बसते. मग तोच हात चहाच्या कपाला, सिगारेटला, सँडविचला लागतो. थंडगार, चकचकीत, तयार गोळ्या हातात घेऊन मोजल्या तरी बोटांवर शिशाचा करडा ठसा उरतो.

याच छंदाच्या जोडीने होणारी नेमबाजी हाही एक स्रोत आहे. बहुतेक प्रायमरमध्ये लेड स्टिफनेट हे शिशाचे संयुग असते. बंदिस्त नेमबाजी केंद्रात प्रत्येक फैरीबरोबर त्याचे सूक्ष्म कण हवेत मिसळतात. वापरलेल्या पितळी नळ्या कोरड्या भुशात घोळून साफ केल्या की त्या भुशाच्या धुळीतही शिसे उतरते. एखाद्याच्या रक्तात शिसे वाढलेले आढळते तेव्हा केवळ ओतकामाच्या भांड्याकडे बोट दाखवून चालत नाही.

शरीरात गेलेल्या शिशाला शरीर कॅल्शियम समजते. रक्तातले शिसे निम्मे व्हायला साधारण महिना लागतो, पण बरेचसे शिसे हाडांत जाऊन बसते आणि तिथे दशकानुदशके राहते. प्रौढांत पोटदुखी, बद्धकोष्ठता, डोकेदुखी, थकवा, चिडचिड, वाढलेला रक्तदाब, रक्तक्षय अशी लक्षणे दिसतात. यातले एकही लक्षण ‘शिसे’ असे नाव सांगत नाही. रक्ततपासणीशिवाय ते कळत नाही.

मुलांना अधिक धोका का?

मुले जमिनीवर खेळतात आणि हात तोंडात घालतात. त्यांचे आतडे मोठ्या माणसाच्या चार ते पाच पट शिसे शोषून घेऊ शकते. आणि त्यांचा मेंदू अजून घडत असतो. बुद्धी, एकाग्रता आणि वर्तन यांवर होणारा परिणाम भरून येत नाही. मुलांसाठी सुरक्षित म्हणता येईल अशी शिशाची कोणतीही पातळी ज्ञात नाही, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते.

प्रमाणाची कल्पना यावी म्हणून एक हिशेब. अमेरिकेच्या रोग नियंत्रण व प्रतिबंध केंद्राने २०२१ मध्ये मुलांच्या रक्तातील शिशाची संदर्भ पातळी प्रति डेसिलिटर ३.५ मायक्रोग्रॅम अशी ठरवली. त्यावर गेल्यास स्रोत शोधायचा. दीड-दोन वर्षांच्या मुलाच्या शरीरात जेमतेम लिटरभर रक्त असते. म्हणजे त्याच्या सगळ्या रक्तात मिळून सुमारे ३५ मायक्रोग्रॅम शिसे असले तरी ही रेषा गाठली जाते. वर सांगितलेली १५८ ग्रेनची गोळी सुमारे १० ग्रॅमची असते, म्हणजे एक कोटी मायक्रोग्रॅमची. तिचा जवळपास तीन लाखावा भाग म्हणजे ३५ मायक्रोग्रॅम. डोळ्यांना न दिसणारी धूळ पुरेशी का आहे, ते यावरून कळते. स्वतः कधीही गॅरेजमध्ये न गेलेले मूल वडिलांच्या कपड्यांवरून आणि बुटांवरून आलेल्या शिशाने आजारी पडू शकते.

काळजी घेणारे नेमके काय करतात?

जाणकारांचे नियम पाहिले तर ते धुळीभोवती फिरतात. ओतकाम स्वयंपाकघरात कधीच नाही. त्यासाठी वापरलेली कढई किंवा पळी पुन्हा अन्नाला लावायची नाही, कितीही घासली तरी. कामाचे कपडे आणि बूट वेगळे, ते घराच्या आत येत नाहीत आणि मुलांच्या कपड्यांसोबत धुतले जात नाहीत. कामाच्या जागी खाणे, पिणे, सिगारेट बंद. झाडू मारायचा नाही, कारण त्याने धूळ उडते. जमीन ओल्या फडक्याने पुसायची, अर्थात भांडे पूर्ण थंड झाल्यावर. मळी झाकणबंद डब्यात. काम संपल्यावर हात धुवायचे, पण साध्या साबणाने शिसे पूर्ण निघत नाही, म्हणून त्यासाठीचे खास साबण किंवा पुसणी वापरतात. घरात गरोदर स्त्री किंवा लहान मूल असेल तर हे काम घराच्या आवारात करूच नये, हा शहाणपणाचा सल्ला. आणि ठरावीक काळाने रक्ततपासणी. बाकीचे नियम पाळले जात आहेत की नाही, हे सांगणारे तेच एक मोजमाप आहे.

भाजण्यापासून बचावाचे नियम वेगळे. चेहरा झाकणारी काच, जाड हातमोजे, पूर्ण बाह्या, सुती कपडे आणि चामड्याचे बंद बूट. गाडीच्या जुन्या बॅटरीतल्या पट्ट्या वितळवायच्या नाहीत, हाही एक ठाम नियम आहे. त्यांतल्या आर्सेनिक आणि अँटिमनीपासून अत्यंत विषारी वायू तयार होऊ शकतात.

शिसे मिळणे अवघड का होत आहे?

या छंदाचा आवडता कच्चा माल म्हणजे गाडीच्या चाकांना तोल साधण्यासाठी लावलेली छोटी वजने. टायरच्या दुकानात ती बादलीभर मिळत. पर्यावरणाच्या कारणाने युरोपीय महासंघाने २००५ मध्ये आणि कॅलिफोर्नियाने २०१० मध्ये शिशाच्या वजनांवर बंदी आणली. आता बादलीत जस्ताची आणि पोलादाची वजने मिसळलेली असतात. जस्त ४२० अंशांच्या सुमारास वितळते. तापमान त्यापुढे गेले आणि थोडे जस्त धातूत मिसळले, की सगळे भांडे ओतायला निकामी होते.

शिकारीतही शिशाची जागा आक्रसते आहे. कॅलिफोर्नियात कॉन्डॉर हा गिधाडवर्गीय पक्षी नष्ट होण्याच्या काठावर गेला होता. शिकारीत मेलेल्या जनावरांच्या मांसातले शिशाचे तुकडे खाऊन कॉन्डॉर मरतात, हे स्पष्ट झाले. १ जुलै २०१९ पासून त्या राज्यात शिकारीसाठी शिशाच्या गोळ्या वापरायला पूर्ण बंदी आहे.

भारतात हा छंद करता येईल का?

नाही. शस्त्र अधिनियम, १९५९ मधील ‘दारूगोळा’ या शब्दाच्या व्याख्येत काडतुसाचे भाग आणि दारूगोळा बनवण्याची यंत्रसामग्रीही येते. परवान्याशिवाय ते बनवणे गुन्हा आहे. बंदुकीचा परवाना असला तरी त्यातून गोळ्या बनवण्याचा परवाना मिळत नाही. अमेरिकेत राहणाऱ्या मराठी कुटुंबांनी मात्र एक लक्षात ठेवावे. जुने घर घेताना गॅरेजमध्ये आधीच्या मालकाने ओतकाम केले होते का, हे विचारण्यासारखे आहे. घरगुती विक्रीत मिळालेली जाड लोखंडी कढई स्वयंपाकाला घेण्यापूर्वीही हाच प्रश्न विचारावा.

गोळ्या ओतणे भारतात नसले तरी शिसे वितळवणे आहे. मासेमारीच्या जाळ्यांना लावायची वजने शिशाची असतात. जुन्या बॅटऱ्या फोडून वस्तीतच शिसे गाळले जाते. २०२० मध्ये युनिसेफ आणि ‘प्युअर अर्थ’ यांनी प्रसिद्ध केलेल्या अहवालानुसार जगातील सुमारे ८० कोटी मुलांच्या रक्तात प्रति डेसिलिटर ५ मायक्रोग्रॅम किंवा त्याहून अधिक शिसे आहे आणि त्यांतली सुमारे २७.५ कोटी मुले भारतातली आहेत. त्यांच्या घरात कुणाला नेमबाजीचा छंद नाही. पण शिशाची वाट तीच आहे, भट्टीजवळच्या जमिनीवरून कपड्यांवर, कपड्यांवरून हातांवर आणि हातांवरून ताटात. त्यामुळे शिशाचे काम करणाऱ्याने घरात शिरण्याआधी कपडे बदलणे आणि हात नीट धुणे, ही गॅरेजमधल्या छांदिष्टाची शिस्त भंगारवाल्याच्या आणि जाळी विणणाऱ्याच्या घरीही तेवढीच उपयोगाची आहे.